खिळा

वडगावात माझं दुकान.
दोन्ही बाजूंना माग, त्यामुळं
बरणीतली बडीशेप दिवसभर थरथरत असते.

गल्ल्याच्या उजव्या हाताला एक खिळा होता,
वडिलांनी पंचांगासाठी ठोकलेला.
पुढं त्यावर पिशव्यांची चळत आली,
पातळ, पांढरी, फुंकर मारली की सुटी होणारी.
हात वर जायचा, पिशवी खाली यायची.
मी न बघता काढायचो, गिऱ्हाईक न बघता घ्यायचं.
दोन लिंबांना एक. काडेपेटीला एक.
भरल्या पिशवीला वरून आणखी एक.

पालिकेचा कागद आला, कन्नडमधून, शिक्क्यासकट.
मी तो दारावर चिकटवला.
ज्यांना वाचता येत होता
त्यांनीही वाचला नाही.
मग दंडवाले आले, पाचशे घेऊन गेले.
पावती जपून ठेवली,
पिशवीत घालून.

बदल झाला तो ओलीनं.
भिंत फुगली, खिळा निसटला, पुन्हा जागा धरेना.
म्हणून आत, खडेमिठाच्या पोत्यामागं
नवा ठोकला आणि चळत तिथं अडकवली.
जायची चार पावलं, यायची चार.

पहिला भैरू आष्टेकर, अर्धा किलो पोहे.
"थांबा, पिशवी आणतो आतनं."
"ऱ्हाऊ दे की गा," म्हणाला,
आणि टोपी काढून तीत पुडा ठेवला.
मग गंगव्वा. "चीला?" म्हणाली, मी वळलो,
तर मागून, "इरली बिडरी,"
आणि पदर पुढं आला.
रात्री मोजल्या. रोज दोनशे जायच्या,
त्या दिवशी एकसष्ट.

मी कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

पुढं रखमानं मागावरच्या कात्रणांच्या थैल्या शिवल्या,
कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचा चुकलेला काठ
आता मसूर डाळ वाहू लागला.
थैलीचे पैसे नाहीत. फक्त उधारीच्या वहीत
नावापुढं लिहितो : थैली, एक.
एवढं पुरतं.
अडीच हजार बुडवून हुबळीला गेलेला नागेश
थैली मात्र
भावाच्या हाती परत पाठवतो.

परवा शिवलीलाअक्का आल्या,
आमच्या पोरांना कन्नड शिकवलेल्या.
भिंतीवरच्या भोकात करंगळी घालून म्हणाल्या,
"खिळा तू मुद्दाम हलवलास."
"ओल होती, अक्का."
"ती दोन वर्षांमागं. भिंत आता कोरडी आहे."

काय बोलणार?
तराजूत बोट टेकवणाऱ्याला चोर म्हणतात.
मी चार पावलं टेकवली होती,
लोकांच्या भिडेवर, घाईवर,
म्हाताऱ्या दुकानदाराला कशाला उठवा, या दयेवर.
कुणालाही न विचारता
अख्ख्या गल्लीचा हात वळवला होता.
बरं केलं, हे खरं.
विचारलं नाही, हेही.

अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
त्यांनी नुसतं वर बघितलं.
माझ्या डोक्यावर तोरण,
शाम्पू, सुपारी, तेल, लोणचं,
एक-एक रुपयाचं, चकाकतं,
खेचलं की तुटणारं.
"ह्या खिळ्याला ओल लागत नाही का रे?"

रुपयामागं पंधरा पैसे सुटतात त्यावर.
साखर तर मी जवळजवळ खरेदीच्या भावानं देतो.
तीच अक्कांना कागदात बांधून दिली,
दोरा नीट दोनदा फिरवला.

त्या गेल्यावर स्टुलावर चढलो.
खिळा हलवून बघितला. घट्ट आहे.
शेजारचे माग पुन्हा सुरू झाले होते,
तोरण माझ्या कानाशी सळसळत होतं,
आणि खाली दोन पोरं उभी,
मुठीत रुपया,
मी कधी उतरतो याची वाट बघत.